समुद्रावरची रेघ कुणाची?

शारजाला दोन समुद्र आहेत. एक आमच्या घराजवळचा, आखाताचा. दुसरा हजर पर्वत ओलांडला की लागणारा, ओमानच्या आखाताचा. अमिरातीतल्या सात राज्यांपैकी दोन्हीकडे किनारा असलेलं हे एकच. २०१९ च्या एप्रिलमध्ये शारजा ते खोरफक्कान हा ८९ किलोमीटरचा, पाच बोगद्यांतून जाणारा रस्ता सुरू झाला आणि पूर्वेचा समुद्र आमच्या सुट्टीच्या आवाक्यात आला. मी मूळची वेंगुर्ल्याची. त्यामुळे खोरफक्कानला मुलीच्या तळपायाला काळं, चिकट काहीतरी लागलं तेव्हा ते काय आहे हे कुणाला विचारावं लागलं नाही. पिशवीतलं खोबरेल तेल काढलं आणि पाय चोळून साफ केला. पावसाळा जवळ आला की आमच्या कोकणच्या किनाऱ्यावरही असेच डांबराचे गोळे येऊन पडतात. दोन्हीकडे लोक एवढंच म्हणतात, ‘बोटीवाले टाकतात.’ कोणती बोट, ती कधी टाकते, कुणी पाहिलं आणि पुढे काय झालं, यातलं मला काहीही माहीत नव्हतं.

हे प्रश्न पुन्हा डोक्यात आले ते ऑफिसमुळे. मी एका छोट्या व्यापारी कंपनीत हिशेब बघते. ३० मे २०२५ पासून अमिरातीत हवामानबदलाचे परिणाम कमी करण्याविषयीचा संघीय कायदा लागू झाला. २०२४ चा, अकराव्या क्रमांकाचा. कंपनी फ्री झोनमध्ये असो की बाहेर, आपल्यामुळे किती हरितगृह वायू हवेत जातात ते मोजायचं, नोंदवायचं, कमी करायचं आणि नोंदी पाच वर्षं जपून ठेवायच्या. कायदा मोडला तर ५० हजारांपासून २० लाख दिरहमांपर्यंत दंड; दोन वर्षांत पुन्हा मोडला तर दुप्पट. काम आकड्यांचं म्हणून कागद माझ्या टेबलावर आला. मी डिझेलची बिलं, विजेची बिलं आणि गाड्यांच्या फेऱ्यांच्या नोंदी घेऊन बसले. एक लिटर डिझेल जाळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, हे वाचून मी अडखळले. लिटरभर डिझेलचं वजन किलोभरही भरत नाही. मग धुराचं वजन जवळपास तिप्पट कसं? शाळेतलं रसायनशास्त्र आठवायला वेळ लागला. डिझेलमधल्या कार्बनला हवेतला ऑक्सिजन येऊन जोडला जातो, आणि वाढीव वजन त्याचं असतं.

आकडे जुळले, पण हिशेबाचं काम करणाऱ्या माणसाला जो प्रश्न पडायलाच हवा तो पडला. जमाखर्चाला ऑडिटर असतो, बँकेचं स्टेटमेंट असतं. धुराचं स्टेटमेंट कोण देतं? एखाद्याने डिझेलची चार बिलं लावलीच नाहीत, तर ते कुणाला कळणार? याचं उत्तर शोधताना मी पहिल्यांदा उपग्रहांपाशी पोचले. ऑक्टोबर २०१७ मध्ये सोडलेला युरोपचा सेंटिनेल-५पी नावाचा उपग्रह रोज पृथ्वीवरचा मिथेन वायू बघतो. नैसर्गिक वायूतला मुख्य घटक तो हाच. वीस वर्षांचा हिशेब धरला तर कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपटीहून जास्त तापवणारा. नोव्हेंबर २०२२ मध्ये इजिप्तमधल्या हवामान परिषदेत संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने ‘मार्स’ नावाची इशारायंत्रणा जाहीर केली. उपग्रहांची चित्रं इतकी येतात की माणसांनी एकेक करून बघणं अशक्य, म्हणून आधी एआय चित्रं चाळतं आणि जिथे वायूचा लोट दिसतो तिथे खूण करतं. मग तज्ज्ञ ती खूण तपासतात, आणि त्यानंतर त्या देशाच्या सरकारला आणि कंपनीला कळवलं जातं. मी नकाशावर आमचं ऑफिस शोधलं. सेंटिनेल-५पीच्या मिथेनच्या चित्रातला एक ठिपका साधारण सात किलोमीटर लांब आणि साडेपाच किलोमीटर रुंद असतो. त्या एका ठिपक्यात आमच्या ऑफिसचा अख्खा रोला भाग मावतो. म्हणजे आमच्या कंपनीच्या गाड्या वरून कधीच दिसणार नाहीत. वरून दिसते ती मोठी गळती. लहानांचा हिशेब बिलांच्या फायलीतच राहतो.

मग १७ जून २०२५ चा दिवस उजाडला. मध्यरात्रीनंतर खोरफक्काननजीकच्या समुद्रात ‘फ्रंट ईगल’ आणि ‘अ‍ॅडलिन’ या दोन तेलवाहू जहाजांची टक्कर झाली, आग लागली. तटरक्षकांनी ‘अ‍ॅडलिन’वरच्या चोवीस जणांना सुखरूप खोरफक्कान बंदरात आणलं. पुढच्या दिवसांत ग्रीनपीसने उपग्रहचित्रांच्या आधारे पाण्यावर पसरलेला तेलाचा थर दाखवला. ते चित्र फोनवर फिरत आमच्याकडे आलं. मी ते मोठं करून करून बघितलं. राखाडी समुद्र, त्यात पांढरे ठिपके आणि एक काळपट पट्टा. यातलं तेल नेमकं कुठलं, आणि ते तेलच कशावरून, हे मला सांगता येईना. आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक काका मुलाकडे राहायला आले आहेत. दापोली तालुक्यातले. मर्चंट नेव्हीतून चीफ इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले. त्यांना चित्र दाखवलं. त्यांनी चष्मा लावून नीट बघितलं आणि म्हणाले, “अगं, मी आयुष्यभर जहाजाच्या पोटात काम केलं. वरून समुद्र कसा दिसतो ते मला कुठे ठाऊक? तू शीक, मग मला सांग. जहाजाच्या आतलं काय ते मी तुला सांगतो.”

असं आमचं ठरलं. कोपर्निकस ब्राउझर नावाच्या संकेतस्थळावर युरोपीय उपग्रहांची चित्रं कुणालाही फुकट बघता येतात. नाव नोंदवलं आणि खोरफक्कान शोधलं. आधी सेंटिनेल-२ उघडला. तो कॅमेऱ्यासारखा बघतो, दहा मीटरचा एक ठिपका. बंदर, क्रेनची रांग, अल झुबारा, किनाऱ्याजवळचं शार्क बेट, सगळं ओळखू आलं. तेल मात्र कुठे दिसेना, आणि एका चित्रात तर उन्हाच्या चकाकीने अर्धा समुद्र रुपेरी झालेला. मग कळलं की तेल शोधणारे लोक बहुतेक सेंटिनेल-१ वापरतात. तो रडारवाला. स्वतःच लहरी खाली सोडतो आणि परत येणारा प्रतिध्वनी मोजतो, म्हणून त्याला रात्र चालते आणि ढगही चालतात. आपल्या डोक्यावरून तो सकाळी सहाच्या किंवा संध्याकाळी सहाच्या सुमारास जातो, पण रोज नाही. एका उपग्रहाची तीच वाट पुन्हा बारा दिवसांनी येते. मधल्या दिवसांत कुणी काही सांडलं, तर या उपग्रहाच्या लेखी ते घडलेलंच नसतं.

रडारच्या चित्रात तेल काळं दिसतं, पण ते काळ्या रंगामुळे नाही, हे समजायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. वाऱ्याने समुद्रावर बारीक बारीक लहरी उठतात, काही सेंटिमीटरांच्या. रडारची लहरही जवळपास तेवढ्याच मापाची, साडेपाच सेंटिमीटरांची. या बारीक लहरींवरून ती परत फिरते, म्हणून वारा लागलेला समुद्र चित्रात उजळ येतो. तेल त्या लहरी दाबून टाकतं. पाणी गुळगुळीत होतं, रडारची लहर आरशावरून निसटल्यासारखी भलतीकडे निघून जाते, परत काहीच येत नाही, आणि तिथे काळोख दिसतो. मी हे वाचलं, पण पटेना. म्हणून परातीत पाणी घेतलं, फुंकर मारली, लहरी बघितल्या. मग गोडेतेलाचा एक थेंब सोडला आणि पुन्हा फुंकर मारली. थेंब पसरला होता तिथे लहरी उठायला तयारच होईनात. बेंजामिन फ्रँकलिनने अठराव्या शतकात लंडनजवळच्या एका तळ्यावर चमचाभर तेल ओतून अर्धा एकर पाणी शांत केलं होतं, हे नंतर वाचनात आलं. उपग्रह शोधतो ते तेल नसून ही शांतता असते.

आणि शांत पाणी काही फक्त तेलाने होत नाही! पुढचा आठवडाभर मला काळे डागच काळे डाग दिसू लागले. खोरफक्कानपासून कलबापर्यंत किनाऱ्याला लागून सकाळच्या चित्रांत मोठा काळा पट्टा. इतकं तेल असतं तर बातमी झाली असती. मग लक्षात आलं की हजर पर्वत किनाऱ्याच्या अगदी मागे उभा आहे. डोंगराच्या आडोशाला वारा पडतो, वारा नाही म्हणून लहरी नाहीत, लहरी नाहीत म्हणून काळं. वाऱ्याचा वेग सेकंदाला दोन-तीन मीटरपेक्षा कमी असेल तर सगळाच समुद्र काळा, आणि बारा-पंधराच्या वर गेला तर तेलही घुसळून दिसेनासं होतं. पावसाची सर काळी दिसू शकते. शेवाळाचा बहरही काळा दिसू शकतो. इथल्या जुन्या लोकांना २००८ च्या अखेरीस आलेला तांबडा बहर आठवतो. मासे मेले होते, समुद्राचं पाणी गोडं करणारे कारखाने बंद ठेवावे लागले होते. तसला बहर रडारला तेलासारखाच भासतो. म्हणजे काळा डाग दिसला की आधी हवामानाची नोंद काढायची, वारा किती होता ते बघायचं. मी त्यानंतर कुठलंही चित्र वाऱ्याच्या आकड्याशिवाय उघडलं नाही.

एआयचं काम मला इथे समजलं. स्कायट्रुथ नावाच्या अमेरिकी संस्थेने ‘सेरुलियन’ नावाची यंत्रणा उभी केली आहे, आणि तिचे निकाल सगळ्यांना बघायला खुले आहेत. तज्ज्ञांनी हाताने रेघा आखून दिलेली रडारचित्रं दाखवून तिला शिकवलं : हे तेल, हा वारा पडलेला, हे नुसतं समुद्राचं पाणी. आता ती सेंटिनेल-१ ची नवी चित्रं आली की त्यांतून संशयित तवंग वेगळे काढते, त्यांच्याभोवती रेघ आखते आणि आपल्याला किती खात्री आहे तेही सांगते. मी जिथे तासभर बघून बुचकळ्यात पडत होते, तिथे ती शेकडो चित्रं चाळून पुढे गेलेली असते. हे नुसतं सोयीचं नाही, यातून समजूतच बदलते. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. चिनी आणि अमेरिकी संशोधकांनी २०१४ ते २०१९ मधली साडेपाच लाखांहून जास्त रडारचित्रं संगणकाच्या मदतीने तपासली. त्याआधी असं मानत की समुद्रावरच्या तेलाच्या तवंगांत जवळजवळ निम्मा वाटा समुद्राच्या तळातून आपोआप झिरपणाऱ्या तेलाचा आहे. या अभ्यासात माणसांमुळे झालेल्या तवंगांचा वाटा ९४ टक्के निघाला. हा आकडा वाचून मी कितीतरी वेळ तशीच बसून राहिले. वेंगुर्ल्याच्या वाळूतले गोळे ‘समुद्रातून येतात’ असं आम्ही म्हणत आलो. समुद्रातून नव्हे, कुणाच्या तरी हातून येतात.

काका म्हणाले, “बरं, रेघ सापडली. जहाज कुठलं?” चालत्या जहाजाने तेल सोडलं तर मागे लांब, बारीक रेघ राहते, आणि जहाज पोलादी असल्याने रडारमध्ये पांढरं चमकतं. मी एका जुन्या चित्रात अशी रेघ शोधून त्यांना दाखवली. पण पांढरा ठिपका रेघेच्या टोकावर नव्हता, बाजूला होता, चांगला शे-दोनशे मीटर तरी. म्हणजे रेघ दुसऱ्याच कुणाची? दोघांनाही उलगडा होईना. शेवटी एका विद्यापीठाच्या शिकवणीच्या टिपणात उत्तर सापडलं. हे रडार वस्तूची जागा प्रतिध्वनीच्या वारंवारतेतल्या फरकावरून ठरवतं. जहाज स्वतः चालत असेल तर तो फरक बदलतो आणि रडार त्याला थोडं सरकवून दुसरीकडे मांडतं. पाण्यावरची रेघ मात्र जिथल्या तिथे राहते. चालती आगगाडीसुद्धा अशा चित्रात रुळांच्या बाहेर दिसते! काकांना हे इतकं आवडलं की त्यांनी ते काकूंना बोलावून पुन्हा माझ्याकडून सांगवून घेतलं. मला मात्र वेगळीच काळजी वाटली. हे माहीत नसलेल्या माणसाने त्या चित्रावरून शेजारच्या भलत्याच जहाजावर आरोप केला असता.

ठिपक्याला नाव मिळतं ते एआयएसमुळे. मोठ्या जहाजाने आपलं नाव, जागा, वेग सतत रेडिओवर सांगत राहायचं असतं, टक्कर होऊ नये म्हणून. सेरुलियन हे माग घेते, तवंगाशी ताडून बघते, आणि आसपासच्या जहाजांना कमी-जास्त गुण देते. नाव थेट ‘गुन्हेगार’ म्हणून येत नाही. ‘संभाव्य स्रोत’ म्हणून येतं, आणि कधी एकाहून जास्त नावं येतात. फुजैरा आणि खोरफक्कानच्या समोर तर जहाजांना तेल भरून देण्याचं जगातलं एक मोठं ठिकाण आहे. नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजांची तिथे दाटी असते. शिवाय हे यंत्र बंद करता येतं, त्याला खोटंही बोलायला लावता येतं, आणि बाहेरून गोंधळातही पाडता येतं. जून २०२५ मध्ये या पट्ट्यात जीपीएसमध्ये इतका अडथळा होता की टकरीच्या दोन दिवस आधी ‘फ्रंट ईगल’ची खूण इराणच्या जमिनीवर दिसल्याची नोंद आहे. मशीनला दिलेली माहितीच अशी असेल तर तिने जोडलेलं नाव किती धरायचं?

आता काकांची पाळी होती. त्यांनी मला जहाजाच्या आत नेलं, म्हणजे एका वहीच्या पानावर. इंजिनरूमच्या तळाला गळतीचं पाणी आणि तेल मिसळून साचतं, त्याला बिल्ज म्हणायचं. ते तसंच समुद्रात सोडायचं नाही. ऑइली वॉटर सेपरेटरमधून गाळायचं, आणि दहा लाख भागांत पंधरा भागांपेक्षा जास्त तेल उरलेलं नसेल तरच, तेही जहाज चालू असताना, सोडायचं. हा मार्पोल नावाच्या आंतरराष्ट्रीय कराराचा नियम. याशिवाय इंधन शुद्ध करताना जो दाट गाळ निघतो त्याला स्लज म्हणतात. तो जहाजावर जाळायचा किंवा बंदरात पैसे देऊन उतरवायचा. “पैसे आणि वेळ,” काका म्हणाले, “सगळं तिथेच अडतं.” काही जहाजांवर सेपरेटरला वळसा घालणारा चोरटा पाईप जोडतात. खलाशांच्या भाषेत मॅजिक पाईप. ते सांगताना काकांचा आवाज बदलला. त्यांनी असा पाईप कधी जोडला नाही, पण जोडायला सांगणारे वरिष्ठ त्यांना भेटले होते.

आणि मग त्यांनी मला ओळखीची वस्तू दाखवली, वही! चारशे टनांवरच्या प्रत्येक जहाजाला ऑइल रेकॉर्ड बुक ठेवावं लागतं. किती बिल्ज साचलं, किती गाळलं, किती स्लज कुठल्या टाकीत गेला, कुठल्या बंदरात उतरवला, प्रत्येक नोंदीखाली सही. शेवटच्या नोंदीनंतर तीन वर्षं ही वही जहाजावर ठेवायची. मी विचारलं, स्लज किती निघायला हवा याचा काही अंदाज असतो का? असतो. जड इंधन जाळणाऱ्या जहाजासाठी टाकी किती मोठी हवी हे ठरवताना दीड टक्का धरतात. दिवसाला तीस टन इंधन जाळणाऱ्या जहाजात, ढोबळमानाने, साडेचारशे किलो स्लज. वीस दिवसांच्या प्रवासात नऊ टन. वहीत दोनच टन दाखवला असेल आणि जाळल्याची, उतरवल्याची नोंद नसेल, तर बाकीचा गेला कुठे? इतके दिवस रडार, वारंवारता, वारा यांत चाचपडत होते. हे मात्र मला एका क्षणात कळलं. आपलं रोजचं काम आहे हे. खरेदी इतकी, विक्री इतकी, मग माल कुठे? मला वाटतं, एआयचा सगळ्यात मोठा उपयोग आकाशातून बघण्यापेक्षा इथे आहे. हजारो जहाजांच्या वह्या, इंधनाच्या पावत्या आणि बंदरांच्या पावत्या एकमेकांशी ताडून बघायच्या, आणि न जुळणारी वही तपासनिसापुढे ठेवायची. बंदरात येणारं प्रत्येक जहाज उघडून बघायला कुठल्याच देशाकडे माणसं नाहीत. कुठलं उघडायचं एवढं मशीनने सांगितलं तरी पुष्कळ झालं.

पण उघडायला माणूसच लागतो. याचं काकांनी सांगितलेलं उदाहरण मी नंतर वाचून पडताळून घेतलं. २०१३ मध्ये ‘कॅरिबियन प्रिन्सेस’ या प्रवासी जहाजावर नव्याने लागलेल्या एका इंजिनियरने मॅजिक पाईप बघितला, फोटो काढले, इंग्लंडला पोचताच नोकरी सोडली आणि अधिकाऱ्यांना कळवलं. डिसेंबर २०१६ मध्ये प्रिन्सेस क्रूझेसने अमेरिकेत गुन्हा कबूल करून चार कोटी डॉलर दंड भरण्याचं मान्य केलं. तिथे पुरावा मिळाला तो जहाजावरच्या एका माणसाने दाखवलेल्या धैर्यामुळे.

कोर्टात रडारचं चित्र एकटं पुरत नाही हे मला हळूहळू पटलं. तवंग पाण्यावर असतानाच कुणीतरी होडीने किंवा विमानाने तिथे पोचायला हवं, नमुना बाटलीत भरायला हवा. प्रत्येक तेलात होपेनसारखी काही संयुगं ठराविक प्रमाणात असतात आणि ती सहजी नष्ट होत नाहीत. नमुन्यातलं प्रमाण संशयित जहाजाच्या टाकीतल्या तेलाशी जुळलं तर तो बोटाच्या ठशासारखा पुरावा. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने किनाऱ्यावरच्या डांबरगोळ्यांचे असे ठसे तपासले आहेत, म्हणजे आमच्या वेंगुर्ल्याच्या शेजारीच हे काम चाललं होतं आणि मला पत्ता नव्हता. युरोपात २००७ पासून क्लीनसीनेट नावाची सेवा उपग्रहात तवंग दिसताच किनाऱ्यावरच्या देशाला कळवते. कळवायला लागणारा वेळ आता मिनिटांत मोजतात, कारण तेवढ्या वेळात विमान निघालं तरच उपयोग. आणि जहाज माहीत असलं तरी किती उशीर होतो ते मुंबईने पाहिलंय. ४ ऑगस्ट २०११ ला ‘एमव्ही राक’ हे कोळसा वाहणारं जहाज मुंबईजवळ बुडालं. तेल जुहूपर्यंत आलं. तिथे तर जहाज कुठलं हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी राष्ट्रीय हरित लवादाने जहाजाशी संबंधित कंपन्यांना शंभर कोटी रुपये भरपाई भरायला सांगितली ती ऑगस्ट २०१६ मध्ये. पाच वर्षांनी!

मध्यंतरी एका सुट्टीला कलबाला गेलो. खोर कलबा ही शारजाचीच खाडी, २०१२ पासून संरक्षित, २०१३ पासून रामसर यादीत. तिवरांची झाडं बघून मला घरी आल्यासारखं वाटलं. इथे खंड्याची एक उपजात राहते, तिच्या शास्त्रीय नावातच कलबा आहे. कलबाशिवाय ती ओमानच्या लगतच्या थोड्याशा खाड्यांत तेवढी सापडते. ओहोटीला चिखलातून वर आलेली तिवरांची श्वासमुळं दिसत होती, पेन्सिलीएवढी, हजारोंनी. तेल आलं तर याच मुळांवर बसतं आणि झाडाचा श्वास कोंडतो. शारजाच्या पर्यावरण व संरक्षित क्षेत्र प्राधिकरणाच्या संशोधकांनी कलबा आणि खोरफक्कानला मेलेल्या कासवांची पोटं उघडून बघितली होती. २०२१ मध्ये निष्कर्ष आले : हिरव्या कासवांपैकी ७५ टक्क्यांच्या पोटात माणसांनी टाकलेला कचरा होता. प्लास्टिक, दोर, जाळ्यांचे तुकडे. तो सेंटिनेल-१ ला दिसत नाही, त्यासाठी पोट उघडणारी माणसंच हवीत.

दिसण्याच्या बाबतीत मात्र दरवर्षी सुधारणा होते आहे. शारजात कचरा उचलणाऱ्या ‘बीआह’ने आपल्या गाड्यांवर कॅमेरे लावून रस्त्यावरचा कचरा एआयकडून ओळखायला सुरुवात केली आहे. अडतं ते उत्तरापाशी. सुरुवातीला वाचलेल्या ‘मार्स’चा अहवाल मी पुन्हा काढला. २०२४ च्या अहवालात लिहिलं होतं की सरकारांना आणि कंपन्यांना बाराशेहून जास्त इशारे पाठवले, त्यांतल्या एक टक्क्याला धड उत्तर आलं. २०२५ च्या अहवालात ते प्रमाण १२ टक्के झालं. बारापट वाढ ही चांगलीच गोष्ट आहे. तरी शंभरातली अठ्ठ्याऐंशी पत्रं तशीच पडून आहेत, आणि त्या प्रत्येक पत्राच्या पलीकडे एक गळती आहे, जी बंद करायला कधीकधी फक्त एक झडप फिरवावी लागते. मला याचा राग येतो.

त्यानंतर एका सकाळच्या चित्रात, डोंगराच्या आडोशापासून दूर, वारा सेकंदाला पाच मीटर असताना, मला एक सरळ बारीक रेघ दिसली. एका कडेने पिसासारखी विस्कटलेली, वाऱ्याच्या दिशेने. सेरुलियनमध्येही ती आखलेली होती, आणि एका जहाजाचं नाव वरच्या गुणांनी आलं होतं. माझा हात फोनकडे गेला, आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकावं म्हणून. काका म्हणाले, “थांब. नाव घेऊन काही टाकू नकोस.” त्यांचं बरोबर होतं. इथे २०२१ चा अफवा आणि सायबर गुन्ह्यांविषयीचा कायदा आहे, आणि तो नसता तरी गुण म्हणजे पुरावा नव्हे, हे एव्हाना मी शिकले होते. आम्ही दोघांनी बसून संबंधित खात्याला अर्ज लिहिला. चित्राची तारीख आणि वेळ, अक्षांश-रेखांश, रेघेची लांबी, वारा. माझ्या मसुद्यात शेवटचं वाक्य होतं, ‘हे तेल या जहाजाने सोडले असावे.’ काकांनी ते खोडलं आणि लिहिलं, ‘या वेळी या भागातून गेलेल्या जहाजांची ऑइल रेकॉर्ड बुकं पुढच्या बंदरात तपासावीत आणि स्लजच्या टाक्या मोजाव्यात.’ त्याखाली मी माझी एक ओळ घातली : तपासणीत काय निघालं ते, जहाजाचं नाव न घालता का होईना, लोकांना कळेल अशा ठिकाणी प्रसिद्ध करावं. काकांनी ती ओळ दोनदा वाचली, आणि ठेवली.